नीळपंखाचे निळेपण आणि आपले निसर्गगद्य

मराठी निसर्गलेखनावरील परीक्षणे वाचताना एक विशेषण हटकून भेटते, ते म्हणजे 'चित्रमय'. पुस्तक पक्ष्यांचे असो, जंगलातील मुक्कामाचे असो वा माळावरील भटकंतीचे असो. त्यातील रंगवर्णने 'डोळ्यांसमोर चित्र उभे करतात' असे म्हटले की परीक्षकाचे कर्तव्य संपते. ते चित्र खरे आहे काय, त्या प्राण्याला तो रंग त्या ऋतूत असतो काय, असलाच तर तो कोणाच्या डोळ्यांसाठी असतो, हे प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचे मानून प्राणिशास्त्राच्या हवाली केले जातात. प्रस्तुत लेखकाला ही वाटणी मान्य नाही. कादंबरीतील माणसाचा स्वभाव विनाकारण बदलला तर आपण लेखकाला जाब विचारतो. मग बगळ्याला बारा महिने तेरा काळ पांढराशुभ्र ठेवणाऱ्या लेखकाला तो का विचारू नये?

कवितेची गोष्ट निराळी. बेळगावात ज्यांचे आयुष्य गेले त्या इंदिरा संतांनी आपल्या १९६४ च्या संग्रहाला 'रंगबावरी' हे नाव दिले. त्यातील रंगांचा हिशेब कोणी पक्षितज्ज्ञाने मागितला नाही आणि मागूही नये. कवितेतला रंग कवीच्या मनाचा असतो. परंतु 'मी रानात गेलो, मी हे पाहिले' अशी ग्वाही देऊन जे गद्य लिहिले जाते, त्याने साक्षीदाराची जबाबदारी आपण होऊन पत्करलेली असते. आमची तक्रार आहे ती या गद्याबद्दल.

या सैलपणाचे मूळ जुने आहे. नवव्या-दहाव्या शतकातील राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त कविसमयांची, म्हणजे शास्त्राला व लोकव्यवहाराला धरून नसूनही कवींनी परंपरेने मान्य केलेल्या संकेतांची, सविस्तर चर्चा केली आहे. कीर्ती पांढरी, अपकीर्ती काळी, क्रोध व अनुराग तांबडे, हे संकेत शाळकरी संस्कृत शिकलेल्यालाही ठाऊक असतात. परंतु त्याच चर्चेत आणखी एक सवलत नोंदलेली आहे. कृष्ण व नील, कृष्ण व हरित, कृष्ण व श्याम, पीत व रक्त, शुक्ल व गौर या जोड्यांतील रंग एकच मानून वर्णिण्यास कवीला मुभा आहे. म्हणजे मेघ काळा म्हणा, निळा म्हणा, सावळा म्हणा, दोष नाही. ही मुभा आमच्या गद्यलेखकांनी मागून घेतलेली नाही. ती त्यांना वारशाने मिळाली आणि तपासून न पाहता त्यांनी ती वापरली. या जोड्यांपैकी पहिल्या दोन मात्र आपण ध्यानात ठेवू. त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

उदाहरणासाठी एकच पक्षी घेऊ. राजहंसगडाच्या पायथ्याच्या माळावर विजेच्या तारेवर तो एकटा बसलेला दिसतो. बसलेला असताना मातकट तपकिरी, जरा बोजड, कोणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये असा. आणि किडा दिसताच झेपावला की दोन्ही पंखांत गडद व फिकट निळ्याचे पट्टे असे काही उघडतात की पाहणारा जागीच थबकतो. मराठीत याला नीळपंख म्हणतात, चास म्हणतात, आणि नीळकंठही म्हणतात. कर्नाटकाचा हा राज्यपक्षी. कन्नडमध्येही तो नीलकंठच. विजयादशमीला त्याचे दर्शन शुभ मानण्याची रूढी देशाच्या अनेक भागांत आहे आणि तिचा संबंध हलाहल पचवणाऱ्या शंकराशी जोडला जातो. पण या पक्ष्याचा कंठ निळा नाही. गळा व छाती जांभळट छटेची तपकिरी असून तीवर पांढुरक्या रेघा आहेत. निळा आहे तो डोक्याचा माथा, पोटाखालचा मागचा भाग आणि मुख्यतः पंख. पुराणाने दिलेले नाव भाविक आहे, कोणा खेडुताने दिलेले 'नीळपंख' हे नाव नेमके आहे. दोन्ही नावे भाषेत असायला हरकत नाही, परंतु पाहून लिहितो असे म्हणणारा लेखक जेव्हा 'निळ्याशार कंठाचा नीळकंठ' लिहितो, तेव्हा त्याने पक्षी पाहिलेला नसतो. नाव वाचलेले असते.

या निळ्याची कुळकथा आपल्याच राज्याच्या राजधानीत लिहिली गेली, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९३४ साली बेंगळुरास भारतीय विज्ञान अकादमी स्थापन झाली. प्रकाशाच्या विखुरणीवरील संशोधनासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तिचे संस्थापक. अकादमीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्याच खंडात त्यांनी पक्ष्यांच्या पिसाऱ्यातील रंगांच्या उगमावर लेख लिहिला आणि अभ्यासासाठी नीळपंखाची पिसे घेतली. पिसातला निळा आकाशातल्या निळ्यासारखाच, सूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरल्याने दिसतो, असे त्या काळी सर्वसाधारणपणे मानले जाई. रामन यांना ते पुरेसे वाटले नाही. प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग बळावतात व काही मावळतात, त्या व्यतिकरणाचा येथे हात असावा, अशी दिशा त्यांनी दाखवली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, डेन्मार्कच्या यान डिक यांनी पिसांच्या अंतर्रचनेचा अभ्यास केला, आणि १९९८ मध्ये रिचर्ड प्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी (यान डिक त्यांत होतेच) 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की निळ्या पिसांतील विखुरण ही सुटी, विस्कळीत नसते, तर सुसंगत असते.

सोप्या शब्दांत सांगायचे तर असे. पिसाच्या मधल्या दांड्यापासून जे बारीक तंतू फुटतात, त्यांच्या आत केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांत व केसांत असते त्याच जातीच्या पदार्थाचा, स्पंजासारखा थर असतो. त्यात हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्यातील अंतर बरेचसे सारखे राहते, इतके की निळ्या प्रकाशाच्या लहरी परतताना एकमेकींना साथ देतात व बाकीच्या विरतात. निळा रंग म्हणून कोणतेही द्रव्य तेथे नसते. असे पीस खलात घालून कुटले तर निळी पूड मिळत नाही, मातकट भुकटी मिळते. पीस उजेडाच्या आड धरले तरी निळा मावळतो आणि तपकिरी उरतो. मोराच्या पिसाचे रंग पाण्याने भिजताच नाहीसे होतात, हे रॉबर्ट हूक याने १६६५ मध्येच नोंदवून ठेवले होते. मोरपिसाची घडण वेगळी, त्यात मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, पण तत्त्व तेच. घडण आहे म्हणून रंग आहे.

आता राजशेखराच्या जोड्यांकडे वळू. पिसातील त्या स्पंजाच्या थराखाली मेलॅनिनचा काळा थर असतो. आत शिरलेला भलता प्रकाश तो शोषून घेतो, म्हणून वरचा निळा ठसठशीत उठतो. उत्तर अमेरिकेतील स्टेलर्स जे या निळ्या पक्ष्याच्या मेलॅनिन नसलेल्या पिसांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पिसांत निळा घडवणारी रचना होती, परंतु खालचा काळा नव्हता, आणि पिसे पांढरी दिसत होती. काळा काढून घेतला की निळा राहत नाही! कृष्ण व नील एकच माना, असे म्हणणाऱ्या परंपरेला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी त्या दोहोंचे सख्य निदान पाखराच्या पिसात खरे निघावे, याची मौज वाटते. हिरव्याचेही तसेच. पोपटाचा हिरवा हा बहुतांशी रचनेतून आलेला निळा व त्यावर पिवळे रंजकद्रव्य, अशा दोन पडद्यांचा असतो आणि त्याच्याही तळाशी काळे असते. म्हणजे 'कृष्ण-हरित' ही जोडीदेखील सर्वस्वी निराधार नाही. परंतु योगायोगाने खरे ठरणे आणि पाहून खरे लिहिणे यांत जे अंतर आहे, ते गद्यलेखकाने विसरू नये.

जाता जाता एक खेदाची बाब. दसऱ्याच्या दर्शनासाठी नीळपंख पकडून, पिंजऱ्यात घालून पैसे घेऊन दाखवण्याचे प्रकार हैदराबादेकडे घडल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. पंख मिटलेल्या, बांधलेल्या नीळपंखात पाहण्यासारखे काय उरते, हा प्रश्न दर्शन घेणाऱ्याला पडत नाही, कारण त्याला नाव पाहायचे असते.

सर्वच रंग असे घडणीचे नसतात. काळा, तपकिरी, तांबूस हे बहुधा मेलॅनिनचे, शरीरात तयार होणारे. मेलॅनिनमुळे पीस चिवट होते, म्हणून कित्येक पांढऱ्या पक्ष्यांच्याही पंखांची टोके काळी असतात. पिवळे, नारिंगी, गुलाबी रंग अनेकदा अन्नातून येतात. हळद्याचा पिवळा त्याच्या आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबीही शेवाळातून व बारीक जलचरांतून मिळवलेला. रोहिताचे पिल्लू राखाडी असते, गुलाबी व्हायला त्याला वर्षे लागतात. गावरान कोंबडीच्या अंड्याचा बलक चाऱ्याप्रमाणे पालटतो हे जिला ठाऊक आहे, त्या आपल्या घरच्या आजीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. परंतु 'गुलाबी पऱ्यांचा थवा' लिहिणाऱ्याला, त्या थव्यातले राखाडी पक्षी कोण, असे विचारले तर तो बहुधा गडबडेल.

रंगाला ऋतू असतो, वय असते, लिंग असते. येळ्ळूर शिवारात नांगरटीमागे व म्हशींच्या पायांत फिरणारा गायबगळा घ्या. हिवाळ्यात तो खरोखर पांढरा. पावसाळा जवळ आला की विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर, मानेवर व पाठीवर केशरी-बदामी पिसे फुटतात. भातखाचराच्या बांधावर उभा असा केशरी बगळा पाहिलेला नाही असा मनुष्य आमच्या गावात सापडणे कठीण. आणि केशरी बगळा असलेले मराठी ललित पान सापडणेही तितकेच कठीण. छापील बगळा पांढरा, कारण ढोंगी साधूची उपमा त्याला पांढरा ठेवते. उपमेने असे एका पक्ष्याचे सहा महिने खाऊन टाकले आहेत.

त्याच खाचरात ढोकरी असते. बांधाच्या मातीच्या रंगाची, इतकी की पाऊल पडेपर्यंत दिसत नाही. आणि उडाली की पांढरे पंख झळकतात, जणू दुसराच पक्षी उडाला. तिला मराठीत वंचक असेही नाव आहे. एका शब्दात पूर्ण निरीक्षण आले आहे, फसवणारा रंग व तो उघडा पडण्याचा क्षण दोन्हींसह. लोकभाषेचे कौतुक करावे ते असे तपासून करावे, सरसकट नको, कारण नावे चकवतातही. तांबट हे नाव ऐकून कोणी त्याच्या कपाळावरील तांबड्या ठिपक्याकडे बोट दाखवील, परंतु नाव पडले आहे ते तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिराच्या ठोक्यासारख्या त्याच्या आवाजावरून.

या कसोटीवर आपले मोठे लेखक कसे उतरतात? दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे रंगाच्या बाबतीत मला आजही सर्वांत विश्वासार्ह वाटते. त्याचे कारण त्यांचे शब्दसामर्थ्य आहेच, पण त्याहून अधिक पुस्तकाची बांधणी हे आहे. महिन्यांच्या क्रमाने लिहायचे ठरवल्यामुळे एकच झाड, एकच पाखरू पुन्हा पुन्हा निराळ्या अवस्थेत पाहणे त्यांना भाग पडले, आणि रंग ही स्थिर वस्तू न राहता घडत-मोडत जाणारी घटना झाली. चैत्रातल्या पालवीवरचे त्यांचे लेखन ज्यांनी पाठ्यपुस्तकात वाचले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या अनुकरणाने पुढे जे ऋतुलेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आले, त्यांनी महिने घेतले आणि पाहणे सोडले.

व्यंकटेश माडगूळकर चित्रकार होते, तरी त्यांच्या प्राण्यांत रंग बेताचाच. त्यांची नजर रेषेची आहे. जनावर कसे उभे राहते, कसे वळते, कोठे बिचकते, हे ते टिपतात. ही उणीव आहे असे मी मानत नाही, कारण जे पाहिले नाही ते रंगवायचे नाही ही शिस्त त्यात आहे. 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीची कथा वाचताना मात्र एका गोष्टीची आठवण होते. नर टोळी बळकावतो व पिल्ले मारली जातात, या वर्तनाची पहिली शास्त्रीय नोंद १९६१ ते १९६३ या काळात आपल्या शेजारच्या धारवाडच्या परिसरात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी केली. वानराचे नवजात पिल्लू मोठ्यांसारखे राखाडी नसते; अंग काळपट, तोंड गुलाबी. काही महिन्यांत अंग उजळते व तोंड काळे होते. म्हणजे कोवळेपण दुरूनही ओळखू यावे असा रंग त्या टोळीत वावरत असतो. टोळीतल्या इतर माद्या अशा पिल्लाला हाताळायला, उचलून घ्यायला धडपडतात. हे जाणून 'सत्तांतर' पुन्हा वाचले तर त्या कथेतील भय अधिक गडद होते. अशा वाचनाला साहित्यबाह्य का म्हणावे, ते मला कळत नाही.

मारुती चितमपल्लींचे २०२५ मध्ये निधन झाले. वनखात्यातील नोकरीत आदिवासी, पारधी, कोळी यांच्याकडून त्यांनी जी नावे व शब्द वेचले, ते मराठीवरचे मोठे ऋण आहे. २००२ चा 'पक्षिकोश' हाताशी असला की या प्रदेशातल्या कितीतरी पक्ष्यांची ओळख आपल्याच भाषेत पटते. तथापि त्यांच्या ललित लेखनात स्वतः पाहिलेले, वनवासींकडून ऐकलेले आणि संस्कृत ग्रंथांतून वाचलेले हे तिन्ही एकाच सुरात येते, व वाचकाला सीमा कोठे ते उमगत नाही. मोहिनी पडते खरी. पण रंगाच्या बाबतीत असे मिश्रण महाग पडते, कारण ग्रंथातला हंस आणि पाण्यातला हंस एकाच पांढऱ्यात बुडून जातात.

कृष्णमेघ कुंटे यांचे 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे पुस्तक आमच्या वयाच्या वाचकांच्या हाती थोडे उशिराच आले. मुदुमलाईच्या जंगलात घालवलेल्या तरुणपणीच्या दिवसांची ती हकीकत. तिला अलंकरणाचा सोस नाही. हेच कुंटे पुढे फुलपाखरांचे संशोधक झाले, आणि २०१४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या सोंगाचे कोडे उलगडणारा शोध प्रसिद्ध केला. कढीपत्ता, लिंबू यांच्यावर अंडी घालणारे हे परसातले फुलपाखरू. नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचा. माद्या मात्र तीन रूपांच्या. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझ या बेचव, विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझ या त्याच्या भाऊबंदासारखी. पक्षी एकदा रोझ खाऊन पस्तावला की त्या वेषाच्या कोणाच्याही वाटेला जात नाही, आणि त्या भयावर मॉरमॉनची मादी जगते. एवढे सगळे सोंग, पंखांवरचे तांबडे डाग, पांढरा पट्टा, हे एकाच जनुकाच्या वेगळ्या प्रतीवर ठरते. आणि ते जनुक मुळात कीटकांत नर-मादीचे भेद घडवण्याच्या कामी येणारे, 'डबलसेक्स' नावाचे. सोंगात एक उणीव राहते: खऱ्या रोझचे अंग लाल, मॉरमॉनचे काळे. आमच्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात येई तेव्हा मुले आधी त्याच्या पायांकडे पाहत, त्यातलाच हा प्रकार.

इथवर आपण रंग आपल्या डोळ्यांनी पाहत आलो. आता ज्याच्यासाठी तो आहे, त्याच्या डोळ्यांचा विचार करू. वाघाचे वर्णन करताना आपले लेखक 'ज्वाळेसारखा', 'धगधगता' असे शब्द वापरतात. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, चितळ-सांबरांच्या डोळ्यांत दोनच. तांबडा व हिरवा त्यांना वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे त्यांच्या लेखी तो धगधगता वाघ सुकत चाललेल्या गवताच्याच रंगाचा, आणि पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. ज्वाळा आपल्याला दिसते. ज्याला तो खाणार असतो, त्याला नाही. लाल कापडाने बैल उधळतो ही समजूतही अशीच पोकळ आहे. बैलालाही तो लाल दिसत नाही, उधळतो तो कापडाच्या हालचालीने. उलट बहुतेक पक्ष्यांच्या शंकूपेशी चार प्रकारच्या. अतिनील किरणांतले भेदही त्यांना कळतात, म्हणून जी दोन पाखरे आपल्याला सारखीच वाटतात, ती एकमेकांना तशी वाटत असतीलच असे नाही. वाघाला ज्वाळा म्हणू नये असा याचा अर्थ नाही. पण चितळाच्या बाजूने उभे राहून शिकारीचा प्रसंग लिहिणाऱ्या लेखकाने चितळाचे भय माणसाच्या डोळ्यांनी रंगवले, तर प्रसंग खोटा होतो. 'चित्रमय' म्हणून त्याला गुण देणारा परीक्षकही त्यात सामील असतो.

सरड्यावर तर भाषेने अन्यायच केला आहे. 'सरड्यासारखा रंग बदलतो' हे वाक्य आमच्या सीमाभागात निवडणुकीच्या हंगामात इतके ऐकू येते की बिचाऱ्या प्राण्याने अब्रुनुकसानीचा दावा लावावा. सोयीप्रमाणे मत बदलून गर्दीत मिसळणारा, हा त्या वाक्यातला माणूस. सरडा याच्या नेमके उलट वागतो. आपल्या कुंपणावरचा नर विणीच्या दिवसांत डोके व खांदे लालभडक करतो तो उठून दिसण्यासाठी. लपायचे असते तर तो मातकटच राहिला असता. (त्या लाल रंगापायी 'रक्त पितो' म्हणून पोरांचे दगड खातो, तो भाग वेगळा.) दक्षिणेकडील खडकांवर राहणाऱ्या एका सरड्याचा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात त्याचा नर प्रतिस्पर्ध्यासमोर एक रंगजोडी धारण करतो व मादीसमोर दुसरी, असे दिसून आले. आणि खरा शॅमेलिऑन? जिनिव्हातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की त्याच्या कातडीतील काही पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक रचलेले असतात. तो शांत असतो तेव्हा ते दाटीने असतात, चेतला की त्यांच्यातील अंतर वाढते आणि हिरवा पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. नीळपंखाच्या पिसात जी घडण कायमची गोठलेली, ती येथे हलती आहे. म्हणजे सरडा रंग बदलतो तेव्हा मनात आहे तेच अंगावर आणतो. आमच्या पुढाऱ्यांना ती उपमा द्यावी की नाही, याचा वाचकांनीच विचार करावा.

या साऱ्या चर्चेत एका गद्याला मी वेगळे काढतो, ते म्हणजे ग्रामीण. निपाणीपासून जवळच असलेल्या कागलचे आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) वाचताना जाणवते की नारबाच्या तोंडी जनावर कधीच सजून येत नाही, ते ओळखीचे म्हणून येते. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि ती जनावरे जातात. त्यांच्याबरोबर त्यांना ओळखण्याची भाषाही जाते, हे त्या कादंबरीत कोठे बोलून दाखवलेले नाही, पण ती वाचून मिटल्यावर तेच मनात राहते. ढवळा, पवळा, बांडा, कपिला, काजळी, कोसा, पंचकल्याणी, हे शब्द बाजारात बैलाची किंमत ठरवीत, दाखल्यावर जनावराची ओळख पटवीत. त्यांच्यात चूक परवडत नसे. ललित लेखकाच्या 'शुभ्रधवल'पेक्षा ते म्हणूनच खरे.

पंचकल्याणीचेच पाहा. चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरे, असे घोडे वा जनावर. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ जन्मतात व तेथून दोन्ही बाजूंनी अंगभर पांगत जातात. पाय, कपाळ, पोटाचा खालचा भाग ही त्यांच्या प्रवासाची शेवटची ठाणी. पेशी वाटेत कमी पडल्या, तेथवर पोचल्याच नाहीत, तर ती ठाणी पांढरी राहतात. पाच ठिकाणे आमच्या शेतकऱ्याने मोजली, आणि गर्भशास्त्राच्या नकाशावर ती नेमकी जागच्या जागी सापडतात. ज्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याला कारण ठाऊक नव्हते, पण त्याच्या पाहण्यात खोट नव्हती.

खिलारीचे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या माथ्यावर तांबूस केसांचा झुपका असतो आणि दोनेक महिन्यांत तो पांढऱ्यात विरून जातो. गोठे रिकामे होत चालल्यामुळे हे पाहिलेली माणसे आता साठीच्या पुढची. घरातील अशा वडीलधाऱ्यांकडून जनावरांच्या व पाखरांच्या रंगांचे शब्द वाचकांनी टिपून घ्यावेत आणि संपादकांकडे पाठवावेत. शब्दाबरोबर जनावर कोणते, महिना कोणता आणि गाव कोणते तेही लिहावे, कारण एकाच शब्दाचा रंग खानापूरकडे एक आणि निपाणीकडे दुसरा निघण्याचा संभव आहे.